कोबीवरची पांढरी जाळी: सोलापूरच्या गच्चीवर एका हिवाळ्यानंतर

गणपती उठल्यावर बसवलेली कीटकरोधक जाळी आता शिमग्याच्या तोंडावर उतरवली. पूर्ण हंगाम पाहून झाला, म्हणून सविस्तर लिहिते. सामान असं: ४० मेशची (म्हणजे इंचाला ४० छिद्रं असलेली) पांढरी जाळी, अर्धा इंची पीव्हीसी पाइपच्या कमानी, १५ इंची ग्रो बॅग आणि वरून टाकायला ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट.

हिवाळी भाजीपाल्याचे बरेचसे व्हिडिओ थंड मुलखातले असतात. तिकडे झाकण घालतात ते ऊब धरून ठेवायला. लडाखात दक्षिणेकडे तोंड केलेल्या, जाड भिंतींच्या हरितगृहात भर थंडीत पालक घेतात. कोबी मात्र उन्हाळ्यात पिकवून जमिनीखालच्या खड्ड्यात साठवतात. इंग्लंडात सुरकुतल्या पानांचा सॅव्हॉय कोबी हिमकण पडले तरी वाफ्यात उभा असतो. लांब कशाला, निफाडलाही एखाद्या हिवाळ्यात पारा ५-६ अंशांवर उतरतो. आपल्या सोलापुरात डिसेंबरातसुद्धा दुपारी ३० च्या आसपास आणि पहाटे साधारण १५. कोबीचा गड्डा भरतो १५ ते २० अंशांत. म्हणजे आपल्याकडे थंडीपासून वाचवायचं काही नाही, सामना आहे तो उन्हाशी आणि अळीशी.

अळीच्या बाबतीत जाळीचे पैसे वसूल झाले. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग अंडी घालतो. त्याची अळी हिरवट, दोन्ही टोकांना निमुळती. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धागा सोडून लोंबकळते. लहान अळी पानाचा हिरवा भाग खरवडून खाते, वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते. मुद्दाम जाळीबाहेर ठेवलेल्या रोपांची पानं अशीच पारदर्शक झाली. आतली स्वच्छ राहिली. मात्र कमान ऐसपैस हवी. पान जाळीला टेकलं, तर पतंग बाहेर बसून जाळीतूनच अंडी घालतो.

माव्याचं, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचं, उलट झालं, आणि हे विकणारा सांगत नाही. मावा बारीक असल्यामुळे आत शिरतो, पण त्याला खाणारे ढालकिडे बाहेरच अडतात. मग आत त्याचं फावतं. दर दोन-तीन दिवसांनी जाळी उचलून पानाची मागची बाजू पाहणं आणि संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारणं, हे चुकत नाही.

शेडनेट फक्त ऑक्टोबर हीटपुरती. नवी रोपं तेवढ्यात सावरतात. दिवाळीनंतर ती काढलीच पाहिजे, कारण उजेड कमी पडला की कोबी नुसता पानं वाढवतो, गड्डा घट्ट वळत नाही. जात लवकर येणारी घ्या. गोल्डन एकर लागवडीनंतर दोन महिन्यांच्या थोडं पुढेमागे तयार होते. सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या सुमारास आमचा पहिला गड्डा निघाला, हातानं दाबला तर जराही दबत नव्हता. नवलकोल तर आपल्या हवेला फारच मानवतो. फ्लॉवरची स्नोबॉल मी लावलीच नाही, तिला सलग थंडी लागते. मेथी, मुळा, गाजर बिनबोभाट आले. भोगीच्या भाजीला गाजर आणि पावटा गच्चीवरचाच होता, सासूबाईंना त्याचं फार कौतुक वाटलं.

ग्रो बॅग टिकाऊ आहेत, पण आपल्या कोरड्या हवेत माती भराभर वाळते. त्यात नळाला पाणी काही दिवसांआड. गड्डा भरत आला असताना झाड तहानलेलं ठेवून नंतर एकदम भरपूर पाणी दिलं, की गड्डा तडकतो. म्हणून साठवणीच्या टाकीतून रोज थोडं थोडं देत राहा आणि मातीवर उसाचं पाचट अंथरा. आपल्याकडे पाचटाला काही तोटा नाही.

तक्रारी दोन. जाळीच्या कडेची शिलाई वाऱ्यानं जानेवारीतच उसवली. मी पट्टी लावून पुन्हा शिवून घेतली. दुकानदारानं बदलून द्यायला नकार दिला. दुसरं म्हणजे धूळ. आठ-दहा दिवसांत जाळी मळकट होते आणि आतला उजेड घटतो, त्यामुळे पाइपनं धुवावी लागते. चेनही धुळीनं अडकते. नवीन घेणार असाल तर चेनवाली तयार जाळी घेऊ नका. मीटरवर कापून मिळते ती घ्या, कडा दुहेरी शिवून घ्या आणि खालून विटांनी दाबा. दोडका, काकडी, भोपळा मात्र हिच्याखाली लावू नका. मधमाशी आत आली नाही तर फळ धरणार नाही. कोबी, पालेभाजीला तो प्रश्नच नाही.