फ्रिजच्या दाराचं रबर: सावरायचं, स्वतः बदलायचं की मेकॅनिकला बोलवायचं?

दाराच्या कडेला पाण्याचे थेंब धरतात, फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ साचतो, कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. अशा वेळी पहिला संशय दाराच्या रबरावर जातो आणि बहुधा तो खराही ठरतो. पुढे मात्र चार रस्ते फुटतात. आहे तेच रबर धुऊन, शेकून सरळ करायचं. कंपनीचं तयार गॅस्केट, म्हणजे दाराचं नवं रबर, आणून स्वतः बसवायचं. मापाने बनवलेलं गॅस्केट लावायचं. नाहीतर सगळं मेकॅनिकवर सोपवायचं. यातला आपला रस्ता कुठला, हे मुख्यतः रबर दाराला कसं अडकवलंय यावर ठरतं. तेव्हा काही मागवण्याआधी दार उघडून नीट वाकून बघायचं काम आहेच.

दोष रबराचाच आहे ना?

कागदाची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि हळूच ओढा. थोडी धरून मग निघाली, तर त्या जागी पकड आहे. अलगद सुटून हातात आली, तर नाही. हे चारही बाजूंना करा. कोपरे आणि बिजागरीची बाजू तर दोनदा तपासा, कारण रबर तिथेच आधी दगा देतं. रात्री दिवे मालवून पेटती टॉर्च आत ठेवली आणि दार लावलं, तरी फट कुठे आहे ते उजेड दाखवतो.

कागदाची चाचणी एका बाबतीत फसवते. रबराच्या आतली चुंबकाची पट्टी चौकटीला घट्ट बसलेली असते, पण तिच्या मागच्या घडीत चीर गेलेली असते. कागद धरला जातो आणि हवा मात्र चिरेतून आत-बाहेर करत राहते. म्हणून घड्या बोटांनी उलगडून सगळीकडून पाहा. खालच्या कडेला सांडलेलं चिकट काहीतरी वाळून घडी एकमेकीला चिकटलेली असते, आणि दार उघडताना ती नेमकी तिथेच फाटते.

फट फक्त हँडलच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात असेल, तर रबर निर्दोष असण्याची शक्यता बरीच आहे. दार खाली झुकलंय. बिजागरीचे स्क्रू आवळा, दारातल्या जड बाटल्या काढून बघा, पुढचे पाय किंचित उंच करून फ्रिज मागे कलता करा. आतला एखादा ड्रॉवर पूर्ण न सरकल्यामुळेही दार अडतं. बाहेरच्या चौकटीला हात लावल्यावर ती कोमट लागते म्हणून घाबरायचं कारण नाही. तिथे पाणी धरू नये म्हणून बऱ्याच फ्रिजमध्ये गरम वायूची नळी मुद्दाम चौकटीतून फिरवलेली असते. ही नळी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

एवढ्याशा फटीने काय बिघडतं, असं वाटू शकतं. नुकसान गरम हवेपेक्षा तिच्यातल्या ओलाव्याने जास्त होतं. एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना साधारण २,५०० जूल उष्णता आत सुटते आणि त्या पाण्याचा बर्फ होताना आणखी ३३४. ती बाहेर काढायला कंप्रेसरला राबावं लागतं. शिवाय तो बर्फ गार होणाऱ्या नळ्यांवरच चढतो आणि त्यांचं काम मंदावतं. साध्या फ्रिजमध्ये बर्फ निदान डोळ्यांना दिसतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तो मागच्या पॅनलआड साचतो, त्यामुळे खालचा कप्पा गार होईनासा झाल्यावरच कळतं.

रबर अडकवलंय कसं?

दाराच्या आतल्या बाजूने रबराची कड एका कोपऱ्यात उचलून बघा. तीनपैकी एक प्रकार दिसेल.

पहिला, खाचेत दाबून बसवलेलं. रबराच्या पाठीला बाणाच्या टोकासारखी कड असते आणि ती दाराच्या खाचेत रुतलेली असते. ओढलं की निघतं. दुसरा, स्क्रूवालं. कड उचलली की खाली धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी आणि ओळीने स्क्रू दिसतात. हा प्रकार जुन्या फ्रिजमध्ये जास्त. तिसरा, दार बनवतानाच आतल्या फोममध्ये पक्कं झालेलं किंवा चिकटवलेलं. ते उचलायला गेलात तर उचलतच नाही. पहिला प्रकार घरी बदलण्याजोगा, दुसरा धीर असेल तरच, आणि तिसऱ्याला घरी हात न लावलेला बरा. तिथे अनेकदा अख्खं दारच बदलावं लागतं आणि फ्रिज जुना असेल तर ते दार मिळवण्यापेक्षा नव्या फ्रिजचा विचार शहाणपणाचा.

जुनंच सावरणं

हे रबर मऊ पीव्हीसीचं असतं. त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, म्हणून ते कडक होतं, आक्रसतं आणि कोपऱ्यातून मागे खेचलं जातं. शेकल्याने पीव्हीसी मऊ होतं, हवा तसा आकारही घेतं, पण गेलेलं द्रव्य परत येत नाही. या उपायाचं बळ आणि मर्यादा दोन्ही यात आल्या. रबर तसं नवं आहे, नुसतं दबलंय, दुमडलंय किंवा मळलंय, तर हा उपाय पुरेसा. बोटाने दाबल्यावर परत उभं न राहणारं, घडीला तडे गेलेलं रबर शेकून काही आठवडे सरळ दिसेल, इतकंच.

आधी कोमट पाणी, सौम्य साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घड्या स्वच्छ करा. काळी बुरशी असेल तर पाणी मिसळलेलं व्हिनेगर लावा. ब्लीच नको, त्याने रबर आणखी कडक होतं. पुसून कोरडं झाल्यावर दबलेला भाग बोटांनी बाहेर ओढायचा, त्यावर हेअर ड्रायर सतत हलवत फिरवायचा आणि दार काही तास बंद ठेवायचं. रंग काढायला वापरतात ती हीट गन इथे चालत नाही. तिच्या झोताने रबर क्षणात विरघळतं. बिजागरीच्या बाजूला रबर घासून आत वळत असेल तर तिथे टाल्कम पावडरचा किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या. छोटी चीर सिलिकॉनने बुजवता येते, मात्र चौकटीला टेकणाऱ्या तोंडावर नाही, कारण तिथे वाळलेला थेंबसुद्धा नवी फट तयार करतो.

एक गोष्ट मात्र शेकून सुधारत नाही: चुंबक. आतली चुंबकी पट्टी हेच फ्रिजचं कुलूप आहे. पूर्वी दारांना बाहेरून खटका असायचा आणि आत अडकलेली मुलं गुदमरून दगावत. त्यामुळे अमेरिकेत १९५६ साली फ्रिजचं दार आतून उघडता आलं पाहिजे असा कायदा झाला आणि पुढे चुंबकी पट्ट्या सर्रास आल्या. पट्टी तुटली असेल किंवा तिच्या नळीत सरकून एका टोकाला गोळा झाली असेल, तर रबर कितीही मऊ केलं तरी दार धरणार नाही.

कंपनीचं गॅस्केट, स्वतःच्या हाताने

खाचेचं रबर असेल तर माझं मत सरळ याच बाजूने आहे. हत्यार जवळजवळ लागत नाही, चुकलं तर काढून पुन्हा लावता येतं, आणि कोपरे कारखान्यात जोडून आलेले असल्याने ते उघडत नाहीत. खरा धोका बसवताना नसून मागवताना आहे. मॉडेल क्रमांक बाहेरच्या दिमाखदार नावावरून घेऊ नका. फ्रिजच्या आतल्या भिंतीवर किंवा पाठीमागे चिकटवलेल्या लेबलवरचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, उतरवून घ्या. फ्रीझरच्या दाराचं आणि खालच्या दाराचं गॅस्केट वेगळं असतं, तेही स्पष्ट सांगा.

नवं गॅस्केट घडी घालून येतं आणि उघडल्यावर इतकं वेडंवाकडं दिसतं की चुकीचंच पाठवलं असं वाटावं. परत पाठवण्याची घाई करू नका. टबमध्ये गरम, पण हात सहज बुडवता येईल इतपत पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग सपाट जागी पसरा. घड्या बऱ्याचशा निघतात. तोवर फ्रिजचा प्लग काढा, जुनं रबर एका कोपऱ्यातून ओढून काढा आणि रिकामी खाच कापडात बोट घालून पुसा. खाचेत साचलेला मळ राहिला तर नवं रबर पूर्ण आत जात नाही, आणि मग दोष नव्या मालाला जातो.

बसवताना एका टोकापासून सुरुवात करून गोल फिरत जाऊ नका. तसं केलं की शेवटच्या कोपऱ्यात रबर उरतं किंवा कमी पडतं. आधी चारही कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग राहिलेला भाग अंगठ्याने दाबत न्यायचा. कड नीट रुतली की अंगठ्याखाली टक्कन बसल्याचं जाणवतं. जिथे जाणवलं नाही तिथे परत दाबा. दार लावून कागद फिरवा. बिजागरीच्या बाजूला थोडी फट पहिल्या दिवशी राहतेच. रबर ओढून, ड्रायरने किंचित शेकून दार बंद ठेवलं की एक-दोन दिवसांत ते चौकटीचा आकार घेतं. गोंद लावायचा मोह टाळा. झटपट चिकटणारा गोंद वाळून दगड होतो आणि पुढच्या वेळी खाच सोलून काढावी लागते.

स्क्रूवाल्या दारात कामाची जात बदलते. तेच स्क्रू दाराचं बाहेरचं कवच आणि आतलं प्लॅस्टिक एकत्र धरून असतात. सगळे काढलेत तर आतलं प्लॅस्टिक ढिलं पडून दार पिळतं. म्हणून स्क्रू फक्त सैल करायचे, काढायचे नाहीत. वरची बाजू आणि दोन्ही उभ्या बाजूंचा वरचा थोडा भाग आधी, तिथे नवं रबर पट्टीखाली सरकवायचं, मग खाली उतरायचं. पूर्ण आवळण्याआधी दार लावून बघा. एक कोपरा पुढे राहिला तर दाराला दोन हातांनी उलट्या दिशेने हलका पीळ द्या आणि तसंच धरून दुसऱ्या माणसाकडून स्क्रू आवळून घ्या. दुसरा माणूस नसेल तर हे काम हाती घेऊ नका.

आता ती चौकटीतली नळी. अनेक नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा पेट घेणारा वायू असतो आणि तोच या नळीतून फिरतो. रबर दाराला लागतं, चौकटीला नाही. त्यामुळे चौकटीत टोकदार काही खुपसायचं, खरवडायचं किंवा तिथे नवा स्क्रू मारायचा प्रश्नच येऊ नये.

मापाने बनवलेलं किंवा कापून जोडायचं

कंपनीने ते मॉडेल बंद केलं आणि सुटा भाग मिळेना, तर हाच आधार. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक, तुमच्या मापाचं बनवून कोपरे यंत्रावर वितळवून जोडलेलं. हे मूळ गॅस्केटच्या खालोखाल. दुसरं, लांबच्या लांब पट्टी, जी घरी ४५ अंशांत कापून कोपऱ्यात चिकटवायची. हे दुसरं मी कोणाला सुचवणार नाही. दारावर सगळ्यात जास्त ताण कोपऱ्यांना, आणि तिथेच चुंबकही सलग नसतो. घरगुती जोड नेमका तिथे उघडतो.

बनवून घेताना माप जुन्या रबराचं घेऊ नका, ते आक्रसलेलं असतं. दारावर एका खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंत उंची आणि रुंदी मोजा. बनवणारा बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतचं माप मागत असेल तर ते वेगळं सांगा. या दोहोंत सहज सेंटीमीटरभर फरक पडतो. मापापेक्षाही महत्त्वाचा पट्टीचा छेद, म्हणजे कापल्यावर दिसणारा आकार. बाणाची जाडी, घडीची उंची, चुंबकाची रुंदी. जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून सोबत द्या किंवा त्याचा समोरून फोटो पाठवा. घडीची उंची कमी पडली तर रबर चौकटीपर्यंत पोचतच नाही, जास्त झाली तर दार उसळून परत येतं.

मेकॅनिक

चिकटवलेलं रबर, मोठं स्क्रूवालं दार, दारातून पाण्याची किंवा बर्फाची सोय असल्याने आत नळ्या-वायरी, किंवा कागदाची चाचणी रबराबरोबर बिजागरीवरही बोट ठेवते आहे, अशा ठिकाणी मेकॅनिकच बरा. वॉरंटी चालू असेल तर तर्क करत बसू नका, आधी कंपनीला कळवा. साध्या खाचेच्या रबरासाठी मात्र त्याचा मोबदला बहुतांशी येण्या-जाण्याचा असतो. मूळ गॅस्केट लावणार की पट्टी कापून जोडणार, हे फोनवरच विचारून घ्या. आणि काम झाल्यावर त्याच्यासमोर कागदाची पट्टी चारही बाजूंनी ओढून बघा. फट राहिली असेल तर तो दारात उभा असतानाच दिसलेली बरी.