अमेरिकेतले स्थलांतरित आणि तिथेच जन्मलेले: प्रकृती कोणाची बरी?

अमेरिकेत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचे सरासरी आयुर्मान तिथेच जन्मलेल्यांपेक्षा अधिक आहे. मेक्सिकोहून आलेल्या मजुराचे उत्पन्न आणि शिक्षण बेताचे, आरोग्य विमा अनेकदा नसतोच, हे पाहता ही गोष्ट चक्रावून टाकते. १९८६ मध्ये कायरियाकोस मार्कीडिस आणि जीनिन कोरील यांनी नैऋत्य अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या लोकांबाबत हा विरोधाभास मांडला.

परमुलूख गाठण्याचे धाडस मुळात धडधाकट माणूसच करतो, हे त्याचे एक कारण. आजारी स्थलांतरित मायदेशी परततात आणि त्यांचे मृत्यू अमेरिकेच्या नोंदीत येत नाहीत, असाही युक्तिवाद केला जातो. पण परतीची वाट जवळजवळ बंद असलेल्या क्युबन लोकांतही मृत्युदर कमीच आढळल्याने तो पुरेसा ठरत नाही. मला धूम्रपानाचे कमी प्रमाण हे कारण अधिक वजनदार वाटते. मात्र मुक्काम लांबतो तसतसे वजन वाढते आणि ही आघाडी घटू लागते.

मधुमेहाच्या बाबतीत तर भारतीयांचे पारडे उलटेच झुकते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हे नवे नाही. बारीक अंगकाठी आणि सुटलेले पोट असलेल्या आपल्या माणसाला गोऱ्या शेजाऱ्यापेक्षा कमी वजनातच हा आजार गाठतो. म्हणूनच २०१५ पासून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाची तपासणी सुचवण्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ ऐवजी २३ केला. १७० सेंटिमीटर उंचीला याचा अर्थ ७२ऐवजी सुमारे ६६ किलो.