चिंबोराझोची गाइडेड चढाई : वरचं टोक राहिलं, तरी याच गाइडबरोबर परत जाईन

आधीच सांगते, इक्वेडोरच्या चिंबोराझो ज्वालामुखीच्या सगळ्यात उंच टोकावर आम्ही पोचलो नाही. तरी डोंगराजवळच्या रिओबाम्बा शहरातल्या ज्या छोट्या एजन्सीबरोबर मी आणि मैत्रीण गेलो तिला माझ्याकडून पाचपैकी चार. एक मार्क कापला तो भाड्याच्या सामानासाठी. बूट एक साइज लहान निघाले (आदल्या दिवशी घालून बघितले म्हणून बदलून मिळाले) आणि मैत्रिणीच्या क्रॅम्पॉनचा (बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) पट्टा पार झिजलेला होता. रात्री निघायच्या वेळी गाइडच्या ते लक्षात आलं, तो तिथेच गुडघ्यावर बसला, हेडलॅम्पच्या उजेडात स्वतःकडचा जादाचा पट्टा ओवला आणि तिला दहा वेळा पाय आपटून दाखवायला लावले, मगच रोप बांधला.

इक्वेडोरमध्ये हिमनदीवाल्या शिखरांवर गाइडशिवाय जाऊ देत नाहीत, आणि खरं सांगायचं तर ६,२६३ मीटरच्या या ज्वालामुखीवर कोणी एकट्याने जाऊही नये. गाडी ४,८५० मीटरवरच्या कॅरेल रेफ्यूजिओपर्यंत (गिर्यारोहकांच्या निवाऱ्यापर्यंत) जाते, तिथे जेवून संध्याकाळीच आडवं व्हायचं, झोप काही लागत नाही. रात्री अकराला निघायचं कारण एल कोरेडॉर नावाचा टप्पा, ऊन लागलं की वरचा बर्फ सुटतो आणि दगड यायला लागतात. आम्ही अंधारात गेलो तरी दोनदा वरून दगड गडगडत गेल्याचा आवाज आलाच.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे गाइडला डोंगराचा इतिहास तोंडपाठ होता. १८०२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट इथे आला तेव्हा चिंबोराझो जगातला सर्वात उंच डोंगर समजला जायचा, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत तो चढला पण वर पोचला नाही. पहिली चढाई ४ जानेवारी १८८० ची, इंग्रज गिर्यारोहक व्हिंपर आणि त्याचे इटालियन गाइड कॅरेल मंडळींची. हाच ज्याँ-आंत्वान कॅरेल १८६५ मध्ये आल्प्समधल्या मॅटरहॉर्नवर आधी कोण पोचतो या शर्यतीत व्हिंपरच्या विरुद्ध होता, आणि पंधरा वर्षांनी दोघं एकत्र इथे! लोकांचा विश्वास बसेना म्हणून व्हिंपर त्याच वर्षी जुलैमध्ये परत चढला, या वेळी डेव्हिड बेल्त्रान आणि फ्रान्सिस्को काम्पान्या हे दोन इक्वेडोरियन सोबत होते, आणि त्याच दिवशी कोटोपाक्सी हा दुसरा ज्वालामुखी उसळला आणि त्याची राख इथवर येऊन पडली. ही दोन नावं आमचा गाइड फार अभिमानाने घेतो.

सकाळी वेंतिमिया या थोड्या कमी उंचीच्या टोकावर पोचलो तेव्हा डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेला लांबच लांब पडली होती. सगळ्यात उंच व्हिंपर टोक समोरच, मधे फक्त बर्फाचं पठार. गाइडने आइस अ‍ॅक्स रोवली तर दांडा पूर्ण आत गेला. तो म्हणाला, बस, इथून परत. याच पठारावर १८८० मध्ये ती माणसं मऊ बर्फात रुतत, बर्फ थापटून वाट करत गेली होती, आणि आम्हाला तर ऊन चढायच्या आत कोरेडॉर ओलांडायचा होता. मी रडले, पण त्याचा निर्णय बरोबर होता हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिलीच मोठी हिमनदी असेल तर आधी इक्वेडोरमधलीच कायांबे किंवा कोटोपाक्सी ही शिखरं करून या, उंचीची सवय नसेल तर इथे शेवटच्या दोन तासांत पाय उचलत नाहीत. बुकिंग करताना दोघांमागे एक गाइड मिळणार ना ते विचारून घ्या, आणि क्रॅम्पॉन रिओबाम्बातच स्वतःच्या बुटांवर चढवून बघा.