निमचा बेसिक कोर्स करू की ग्रुपचा रेंज ट्रेक?

दर वर्षी दिवाळीनंतर कॉलेजची एक-दोन पोरं हाच प्रश्न घेऊन येतात, की घरून पैसे एकदाच मिळणार तर उत्तरकाशीला निममध्ये जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करू की आपल्याच ग्रुपसोबत सह्याद्रीत रतनगड-कात्राबाई-हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक (डोंगररांगेतून सलग काही दिवस चालायचं) मारू. मी दोन्ही केलंय. शिकायला दोन्हीकडे मिळतं, पण वेगवेगळं.

निम म्हणजे नेहरू गिर्यारोहण संस्था, १९६५ सालची, बेसिक साधारण २८ दिवसांचा. आधी टेखलाच्या कातळावर क्लाइंबिंग, रॅपलिंग (दोराने कातळ उतरणं), गाठी, मग सॅक पाठीवर टाकून वर जायचं आणि बर्फातलं काम, म्हणजे क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे) घालून चालणं, घसरलात तर आइस अ‍ॅक्स रोवून स्वतःला अडवणं वगैरे. हे सह्याद्रीत मिळणारच नाही, बर्फच नाही तर काय. शिवाय गाठ चुकली की इन्स्ट्रक्टर सोडायला लावतो आणि परत मारून घेतो, यूट्यूबवर शिकलेल्या फिगर ऑफ एटचा माज दोन दिवसांत उतरतो.

टीमवर्क म्हणाल तर तिथे मुलांचे रोप पाडतात, म्हणजे छोटे गट, अनोळखी पोरं एकत्र, भाषा वेगळी, घोरणं सारखंच. जमवून घ्यायला शिकता. पण कधी उठायचं, कुठून जायचं, हवा बिघडली तर फिरायचं का, हे सगळं वरून ठरून येतं (आणि तसंच हवं, तिथली चूक महागात पडते), जेवण तयार, तुम्ही ताट घेऊन रांगेत. त्यात पुढच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सला जायचं तर ए ग्रेड लागते, त्यामुळे काही जण शेवटी शेवटी स्वतःपुरतंच पळायला लागतात.

रेंज ट्रेकला ग्रेड नाही, इन्स्ट्रक्टर नाही, आणि रात्रीचं जेवण तुम्ही केलंत तरच आहे. आमच्या पहिल्या खेपेला शिधा वाटायचं काम माझ्याकडे होतं, मी हुशारी करून तिन्ही काडेपेट्या एकाच सॅकमध्ये टाकल्या, आणि त्या सॅकवाल्याचा गुडघा नेमका कात्राबाईच्या खिंडीतून उतरताना गेला. तो आणि त्याच्यासोबतचे दोघं दीड तास मागे, आम्ही नऊ जण कुमशेतजवळ कच्च्या तांदळाकडे बघत बसलेलो, आणि जो तो माझ्याकडे. पुढचे दोन दिवस कोणी न सांगता सगळ्यात हळू चालणारा पुढे आला, त्याचं ओझं चौघांत वाटलं गेलं, आणि प्रत्येकाच्या खिशात एक काडेपेटी (कुमशेतच्या दुकानातून घेतलेली). उशिरामुळे पाचनईतून हरिश्चंद्रगडावर जायचं की तिथेच मुक्काम टाकायचा यावर भांडणही झालं, जोरात झालं, पण निर्णय आमचा आम्ही घेतला.

धोका मात्र इथे जास्त धरा, कारण कुणाचा पाय मोडला तर काय करायचं हे माहीत असलेला माणूस सोबत असेलच असं नाही. बेसिक केलेला एक तरी सिनियर घ्या, रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीतून वाटाड्या घ्या, ढोरवाटांमध्ये फसायला वेळ लागत नाही. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, एप्रिल-मेमध्ये पाण्याचे वांधे. ट्रेक तीन-चार दिवसांत होतो, खर्च एसटी आणि किराण्याचा, बेसिकला मात्र महिनाभर अटेंडन्स बुडतो, ते आधी कॉलेजशी बोलून घ्या.

युथ हॉस्टेलचा सारपास (हिमाचलमधला ट्रेक) वगैरेही विचारतात. मस्त आहे, मित्र होतात, पण कॅम्प लावलेले, जेवण तयार, प्लॅनिंगमध्ये तुमचा हात शून्य. हिमालय बघायला जा.

फर्स्ट-सेकंड इयरला असाल तर मी म्हणेन आधी रेंज ट्रेक, तोही शिधा आणि वाटेची जबाबदारी स्वतःकडे मागून घेऊन. ज्याला नॉट्स सगळ्या येतात पण पाण्याची बाटली पुढे करता येत नाही असा एक जण निमला आमच्या रोपमध्ये होता, त्याच्या टेंटमध्ये झोपायला कोणी तयार नसायचं. बेसिक त्यानंतर करा, फॉर्म मात्र आत्ताच भरून ठेवा, बॅचेस फार आधी फुल्ल होतात, आणि रोज पळायला लागा.