पोलीस ट्रेनिंग: शिक्का संस्थेला की कोर्सला?

आपल्याकडे ट्रेनिंग सेंटरच्या गेटवर आयएसओचा बोर्ड दिसला की सगळं ओके वाटतं. पण तो बोर्ड फार तर सांगतो की रजिस्टर नीट आहेत, कामाची पद्धत ठरलेली आहे वगैरे, आत नेमकं काय शिकवतात ते नाही. २०२२ पासून केंद्राची ट्रेनिंग संस्थांसाठीची मानकं आलीत, ती बरीच बरी, पण शिक्का परत संस्थेलाच.

दुसरा ऑप्शन कॅलिफोर्नियाचा. तिथे १९५९ पासून पोस्ट (POST) नावाचं, पोलीस ट्रेनिंगची मानकं ठरवणारं राज्याचं कमिशन आहे, ते एकेक कोर्स वेगळा तपासून सर्टिफाय करतं, बेसिक कोर्स कमीत कमी ६६४ तासांचा हवाच. (तास मोजून पोलीस घडतो का, हा वेगळा वाद.)

मला हा दुसरा, कोर्सला शिक्का देणारा ऑप्शनच पटतो, कारण १ जुलै २०२४ ला आयपीसी गेली, न्याय संहिता आली, आणि सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग कंपल्सरी झालं. म्हणजे आता एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पंचनाम्याचा कागद, पंच म्हणतायत साहेब लवकर करा, आणि लाखेचं सील फ्रेममध्ये आलं पाहिजे! हे वर्गात बसून येत नाही, करूनच घ्यावं लागतं. संस्थेचा शिक्का ३० जूनला होता तसाच १ जुलैला, कोर्सचा असता तर त्या दिवशी परत तपासायलाच लागला असता.

खर्च वाढणार, माणसं लागणार, मान्य. निदान तपासणारे बाहेरचे आणा, ज्यांनी शिकवलं त्यांनीच पास करायचं हे काय बरोबर नाही.