बँजो घेताय? आधी पाचवी खुंटी पिळून बघा

‘पाचवी खुंटी झीज होणाऱ्या भागांत मोडते, त्यामुळे तिला वॉरंटी लागू नाही.’ बरीच मेलामेली आणि फोनाफोनी झाल्यावर दुकानाने हे कळवलं. वाद्याला वर्षसुद्धा झालेलं नाही. डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. दुकानाचं आणि ब्रँडचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच बँजोंना हेच दुखणं असतं.

स्पेसिफिकेशन असं: पाच तारा, ११ इंची हेड (डफासारखा ताणलेला पडदा), मागे रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारी लाकडी ताटली), हेडखालच्या पूर्ण टोन रिंगच्या, म्हणजे धातूच्या जड कड्याच्या, जागी साधी पितळी कडी. चार तारांना गिअरच्या खुंट्या आहेत, छान फिरतात. पाचवीला मात्र नुसत्या घर्षणावर अडकून राहणारी खुंटी. कंपनीने पैसे वाचवले ते नेमके इथे.

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहतो. शेजारच्या रॅलीत २०१३ ते २०२४ या काळात ‘वर्ल्ड ऑफ ब्लूग्रास’ हे संमेलन भरायचं (ब्लूग्रास म्हणजे बँजो-फिडलवालं अमेरिकन लोकसंगीत) आणि रस्त्यावरचे कार्यक्रम फुकट असायचे. नाद तिथे लागला. आता आठवड्यातून एकदा आम्ही पाच जण एका गॅरेजमध्ये वाजवतो: फिडल (म्हणजे व्हायोलिनच), मँडोलिन, गिटार, उभा बेस आणि माझा बँजो. गाणारं कोणी नाही, ड्रमही नाही. बेस पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पडतो, दुसऱ्या-चौथीवर मँडोलिनवाला तारा दाबून कोरडा ‘चॉप’ मारतो आणि ठेका या दोघांच्या जिवावर चालतो. वरती ज्याची पाळी असेल तो ब्रेक घेतो, म्हणजे एकटा पुढे होऊन चाल वाजवतो. काका वयाचा मँडोलिनवाला मान हलवतो, की पुढच्याने उचलायचं.

गाणारं कोणी नसलं की पट्टी फिडल ठरवतं, आणि माझ्या त्रासाचं मूळ यातच आहे. फिडलच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई (ही पाश्चात्य स्वरांची नावं). त्यामुळे फिडलच्या चालींचा ओढा ए आणि डी कडे. बँजो लागतो मोकळ्या जी मध्ये, म्हणजे तारा न दाबता छेडल्या की जी पट्टीचा मेळ वाजतो. ए साठी दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावला की चार तारा चढतात, पण पाचवी तार सुरूच होते पाचव्या फ्रेटपाशी. कॅपो तिच्यापर्यंत पोचतच नाही. ती खुंटी पिळूनच जी वरून ए वर न्यायची, आणि पुढची चाल जी मध्ये असली की परत उतरवायची. दोन चालींच्या मध्ये वेळ किती, तर बेसवाला पाण्याचा घोट घेईपर्यंत.

आता ही खुंटी. तिच्या डोक्यावरचा स्क्रू आवळला, तर हलता हलत नाही आणि हलली की झटक्यात ए च्या पुढे निघून जाते. स्क्रू सैल केला, तर सुरात लागते, पण चाल अर्ध्यावर आली की हळूहळू उतरते. मधली जागा मला सापडली नाही, दुकानाच्या तंत्रज्ञालाही फोनवर सांगता आली नाही.

एका तारेसाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं म्हणाल. सतारीच्या चिकारीसारखी ही तार सारखी मधेमधे वाजत असते. आठ स्वरांच्या रोलमध्ये (बोटं ठरावीक क्रमाने तारांवर फिरवणं) अंगठा तिच्यावर एकदा-दोनदा पडतोच, आणि वेगात सेकंदाला आठ-दहा स्वर निघतात. तार उतरली तर ते लपत नाही. त्यातून आम्ही वाजवतो फिडलच्या चाली. नामांकित बँजोवादक अर्ल स्क्रग्जच्या तीन बोटांच्या पद्धतीत पाचवी तार बहुतेकदा धरून ठेवलेला स्वर देते. पण १९६३ मध्ये ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याच्या ब्लू ग्रास बॉईज या बँडमध्ये आलेल्या बिल कीथने फिडलची चाल स्वर-न्-स्वर बँजोवर उतरवण्याची जी पद्धत रुळवली, तिच्यात पाचवी तार प्रत्यक्ष चालीतले स्वर वाजवते. तिथे ती बेसूर असली, तर चालच बेसूर.

आवाजाबद्दलचं मत मात्र मी बदललंय. सुरुवातीला दोन स्टार दिले असते, इतका तो कर्कश आणि पोकळ होता. वाटेत हेड सैल पडलं असावं. कडेचे २४ नट समोरासमोरचे धरून पाव-पाव फेरा आवळत गेलो, बोटाने टिचकी मारून ऐकत गेलो. ब्रिज, म्हणजे हेडवरची तारा पेलणारी घोडी, चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो. तो सरकवत बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) जुळवले. त्यानंतर असा खणखणीत वाजायला लागला की फिडलवाल्या बाईंनी किंमत विचारली. सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. आवाजाला चार स्टार.

दुरुस्तीसाठी दुकानाचं म्हणणं, अख्खा बँजो मूळ खोक्यात घालून स्वखर्चाने पाठवा, तपासून दर सांगू. अहो, त्या शिपिंगमध्ये गिअरची खुंटी येऊन वर चार पैसे उरतात! शेवटी डरॅममधल्या एका कारागिराकडे गेलो. त्याने जुनी खुंटी ओढून काढली, भोक हाताने रीमर फिरवून जरासं मोठं केलं आणि नवी खुंटी दाबून बसवली. खुंटीचे पस्तीस डॉलर, मजुरी वेगळी.

मग त्याने विचारलं, ए मध्ये फार वाजवता का? हो म्हटल्यावर ड्रॉवरमधून खेळण्यातल्या रेल्वेचे खिळे काढले. एचओ मापाच्या रुळांना ठोकतात ते, तांदळाच्या दाण्याहूनही बारीक, डोकं एका बाजूला वळलेलं. सातव्या फ्रेटच्या जरा मागे, पाचव्या तारेच्या कडेला सुईएवढं भोक पाडून एक खिळा बसवला. आता तार त्या डोक्याखाली सरकवली की ए, बाहेर काढली की जी. खुंटी अख्खा स्वर पिळायला नको! बँजोवाल्यांत ही जुनी युक्ती आहे म्हणे. मग विकणाऱ्यांनी आधीच का नाही ठोकत? एक बारकी गोष्ट: खिळ्याखाली तार ताणली जाऊन किंचित चढते, तेवढी खुंटीने उतरवावी लागते. गिअर असल्यामुळे तेही नीट होतं. नवव्या फ्रेटलाही त्याने एक खिळा मारला, बी पट्टीसाठी. ती पट्टी गाणाऱ्यांना लागते आणि आमच्यात कोणी गात नाही. त्याचेही पैसे घेतले.

घ्यावा का? खुंटी आणि खिळ्यांचे पैसे किमतीत धरून परवडत असेल तर घ्या. दुकानात गेलात तर पाचवी तार जी वरून ए वर न्या, पाच मिनिटं जोरात वाजवा आणि परत तपासा. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

अपार्टमेंटवाल्यांसाठी: रेझोनेटर चार स्क्रू काढले की निघतो, वजन आणि आवाज दोन्ही कमी होतात. तेवढ्याने भागलं नाही तर आतला रॉड आणि हेड यांच्यामध्ये जुना टी-शर्ट कोंबा. म्यूट म्हणून विकत मिळतात ते घ्यायची गरज नाही.