रेंजर की अमरोक? बॅज दोन, चॅसी एक

ऑस्ट्रेलियात व्ही-सिक्स (सहा सिलिंडरच्या इंजिनाची) डिझेल यूट (पिकअपला तिकडे यूटच म्हणतात) घ्यायची म्हटली की फोर्ड रेंजर आणि फोक्सवॅगन अमरोक या दोघींत माणूस अडकतो. त्याआधी एक गोष्ट माहीत हवी: २०२२ पासूनची नवी अमरोक फोर्डच बांधते, दक्षिण आफ्रिकेतल्या सिल्व्हरटनच्या कारखान्यात. ऑस्ट्रेलियाला जाणारी रेंजर थायलंडची. चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), ३.० लिटरचं इंजिन, १० गिअरची ऑटोमॅटिक पेटी, सगळं एकच. दोघींचे आकडेही तेच: ताकद १८४ किलोवॅट, टॉर्क ६०० न्यूटन-मीटर, ट्रेलर ओढायला ३,५०० किलो. शोरूममध्ये दार उघडताना लक्ष द्या, हातात येणारं हँडलसुद्धा तेच आहे.

मग फोर्डशी केलेल्या या भागीदारीने अमरोक बिघडली का? मुळीच नाही. जुनी अमरोक चालवायला झकास, इंजिन फोक्सवॅगनचं स्वतःचं, वरच्या मॉडेलला १९० किलोवॅट. पण ऑस्ट्रेलियात विकलेल्या त्या गाडीत मागच्या सीटसाठी एअरबॅग नव्हत्या. नवीत मागेही कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) आहेत. मागे पोरं बसणार असतील तर माझ्या मते जुनीचा विचारच सोडा.

आता निवड. अमरोक व्ही-सिक्स कायम चारही चाकांवर चालते. पावसात, कच्च्या रस्त्यावर काही बघावं लागत नाही. रेंजर कोरड्या रस्त्याला फक्त मागच्या दोन चाकांवर ठेवता येते. अमरोकचा एसी मात्र स्क्रीनवरून लावायचा, रेंजरला खरी बटणं आहेत. मातीने भरलेल्या हातांनी, खड्ड्यांतून जाताना स्क्रीनवर नेमकं बोट टेकवून बघा, म्हणजे मी रेंजरकडे का झुकतो ते कळेल. गाडी बहुतेक हायवेवरच असेल तर अमरोक घ्या.

इसुझू डी-मॅक्स आणि माझदा बीटी-५० यांचंही तसंच. २०२० पासूनची नवी बीटी-५० इसुझू बनवते. त्याआधीची रेंजरची बहीण होती. म्हणून सेकंडहँड बीटी-५० बघताना आधी साल विचारा. २०१८ ची आणि २०२१ ची, नाव एक असलं तरी खालची गाडी पूर्ण वेगळी.

मर्सिडीज एक्स-क्लास स्वस्तात दिसली तर जरा थांबा. निसान नवाराच्या पायावर ती २०१७ मध्ये आली. मर्सिडीजने डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं, सस्पेन्शनवर मेहनत घेतली, तरी २०२० मध्ये उत्पादन बंद झालं. घेण्याआधी जवळच्या मेकॅनिकला एकच विचारा: हिचा कुठला पार्ट निसानकडे मिळेल, आणि कुठल्यासाठी मर्सिडीजकडेच जावं लागेल?